राखून ठेवलेली धून

एका गावात सिनेमाचा एक स्टुडिओ होता आणि त्या स्टुडिओच्या पडद्यावर एक हेर राहत होता. त्याचे नाव मार्तंड. शत्रूच्या गोटात शिरायचे, गुपित काढून आणायचे आणि कोणाच्या नजरेस न पडता निघून जायचे, हे त्याचे काम. एक सिनेमा चालला म्हणून दुसरा निघाला. दुसरा चालला म्हणून तिसरा. असे करता करता अकरा सिनेमे झाले.

लोक मार्तंडाला चेहऱ्याने कमी आणि धुनेने जास्त ओळखत. ती धून केरबा मास्तरांनी बांधली होती. मास्तर मूळचे बँडवाले, वरातीत क्लॅरिनेट वाजवणारे. पहिल्या सिनेमाच्या वेळी त्यांनी नऊ स्वर फुंकले आणि ते नऊ स्वर गावाच्या तोंडी बसले. लपंडाव खेळणारी पोरे दबकत चालताना तीच शीळ घालत.

पण गोड झाले म्हणून रोज कोणी खात नाही. मार्तंडाने दार उघडले की धून वाजे. चहाचा कप उचलला की धून वाजे. "आता शिंकला तरी वाजेल," असे लोक म्हणू लागले. थिएटरात कोणी लघवीला उठला, तरी पुढच्या बाकांवरची पोरे तोंडाने तीच धून वाजवत आणि सगळे हसत. अकरावा सिनेमा दोन आठवड्यांत उतरला.

तेव्हा स्टुडिओचे मालक दाजीसाहेब यांनी ठरवले की मार्तंडाला नव्याने जन्माला घालायचे. नट नवा घेतला, अगदी कोवळा. गोष्टही मुळापासून लिहिली, मार्तंड हेर कसा झाला त्याची. मास्तरांचे वय झाले होते, बोटे थरथरत होती. म्हणून संगीताचे काम श्रीरंगकडे आले. श्रीरंग मास्तरांचाच शिष्य. कानाने ऐकलेले कागदावर कसे उतरवायचे, हे त्याला मास्तरांनीच शिकवले होते.

दाजीसाहेब म्हणाले, "श्रीरंगराव, एवढंच सांगतो. ती पिपाणी नको. लोक हसतात."

श्रीरंग कामाला बसला. त्याने तो सिनेमा आवाजाशिवाय चार वेळा पाहिला. नवा मार्तंड भिंतीवरून उडी मारताना पडत होता. मित्रावर विश्वास ठेवून फसत होता. खोटे बोलताना त्याचे कान लाल होत होते. आणि अगदी शेवटी, शत्रूने "कोण तू?" असे विचारल्यावर तो पहिल्यांदा सांगत होता, "मार्तंड."

ते पाहून श्रीरंगच्या ध्यानात आले की धून वाईट नव्हतीच. ती फुकट वाटली गेली होती. हा पोरगा अजून मार्तंड झालेला नाही, मग मार्तंडाची धून त्याला आधीच कशी द्यायची?

मग त्याने धुनेचे तुकडे केले. भिंतीवरून पडण्याच्या प्रसंगात त्याने तिचे पहिले दोन स्वर घातले, तेही सेलो या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, जाड्याभरड्या आवाजात, कोणाला सहज कळू नयेत असे. मित्र दगा देतो तिथे तीन स्वर घातले आणि चौथ्याच्या आधी थांबवले. पुढेही असेच, थोडे देऊन मागे घेतलेले. अख्खी धून फक्त एकदाच, शेवटी. मार्तंडाने आपले नाव सांगितले की आधी एकटे क्लॅरिनेट आणि मग पन्नास वाद्ये.

दाजीसाहेबांनी ते ऐकले आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "राहू द्या."

या सिनेमात सगळ्यांची नावे सुरुवातीला न येता शेवटी यायची होती. श्रीरंगने दाजीसाहेबांकडून एक गोष्ट मागून घेतली. ती धून वाजेल तेव्हा पडद्यावर एकच नाव यावे: 'मूळ धून – केरबा मास्तर'. दुसरे काहीही त्या पडद्यावर नको. दाजीसाहेबांनी तेही मान्य केले. श्रीरंगने सगळ्या वाजवणाऱ्यांना बजावले की यातले काही बाहेर बोलायचे नाही.

बोलायचे नाही म्हटल्यावर बातमी फुटतेच, पण अर्धीच फुटते. आठवड्याच्या आत बाजारभर झाले की नव्या सिनेमातून मास्तरांची धून काढून टाकली.

एका सकाळी मास्तर काठी टेकत श्रीरंगच्या घरी आले. उंबऱ्यावरच बसले. श्रीरंगच्या बायकोने, कुमुदने, चहा आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

"रंगा, काढलीस म्हणं?"

उत्तर श्रीरंगच्या जिभेवर होते. एका वाक्याचे काम होते. पण त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे थिएटर उभे राहिले. अंधार, भरलेल्या खुर्च्या, आणि अचानक ती धून. मास्तरांचा चेहरा तेव्हा कसा होईल! तो चेहरा त्याला बघायचा होता.

"मास्तर, आधी सिनेमा बघा. मग बोलू."

"काढली असशील तर तसं सांग. मी काय रडत बसणार न्हाई. पर मला ते थेटरात कळू देऊ नगंस. चार माणसांत."

श्रीरंग नुसता हसला. मास्तरांनी त्या हसण्याकडे बराच वेळ पाहिले. मग काठी घेऊन उठले.

ते वळणापलीकडे गेल्यावर कुमुद म्हणाली, "अहो, सांगून टाकायचं की. किती आशेनं आले होते."

"सांगितलं तर मजा काय राहिली?"

"मजा कुणाची?"

श्रीरंगने मास्तरांचा न प्यालेला चहा उचलून आत नेला. त्याला मास्तरांना आनंद द्यायचा होता, यात खोटे काहीच नव्हते. फक्त तो आपल्या हातून, आपण ठरवलेल्या घटकेला द्यायचा होता.

रविवारी दुपारी तीनला पहिला खेळ लागला. मास्तर पांढरेशुभ्र धोतर, काळा कोट आणि फेटा अशा थाटात आले. बरोबर मुलगी होती, सुलू. त्यांना खाली चौथ्या रांगेत कडेच्या खुर्च्या दिल्या होत्या. श्रीरंग वर बाल्कनीत, दाजीसाहेबांच्या शेजारी. त्याचे डोळे पडद्याकडे नव्हते. तो वरून फेटा बघत होता.

दिवे गेले. नावे आली नाहीत, एकदम गोष्टच सुरू झाली. अकराही सिनेमांत सुरुवातीला मास्तरांचे नाव असायचे. फेटा थोडा सुलूकडे झुकला आणि परत सरळ झाला.

मार्तंड भिंतीवरून पडला. सेलोवर दोन स्वर आले. इतर कोणाला काही कळले नाही, पण फेटा ताठ झाला. पुढचा स्वर आलाच नाही. मित्राने दगा दिला तेव्हा तीन स्वर आले आणि तुटले. फेटा खाली गेला. श्रीरंग मनात म्हणाला, थांबा मास्तर, थोडं थांबा.

मध्यंतरात दिवे लागले. पाचव्या रांगेतला एक जाडगेला माणूस भजी खात मोठ्याने म्हणाला, "बरं झालं बाबा, त्या पिपाणीची पीडा गेली!" दोन रांगा हसल्या. हसणे वर बाल्कनीपर्यंत आले. मास्तरांनी मागे वळून पाहिले नाही.

श्रीरंग खाली जायला उठला. पण पाहुण्यांनी त्याला वेढले. "वा श्रीरंगराव, काय बदललंत हो! मार्तंड ओळखू येत नाही." तो हसत उभा राहिला, आणि तेवढ्यात दिवे गेले.

शेवटचे रीळ लागले तसे त्याने घटकाभर पडद्याकडे बघून परत खाली पाहिले. चौथ्या रांगेच्या कडेच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

तो अर्धवट उठला. जिना उतरायला किती वेळ लागतो? मास्तर काठीने चालणारे. रस्त्याच्या कोपऱ्यावर तरी त्याने त्यांना गाठले असते, हात धरून परत आणले असते. पण पडद्यावर शत्रूची खोली आली होती. पाय मोकळे करायला गेले असतील, येतील, असे त्याने स्वतःला सांगितले. आणि खरे सांगायचे तर लोक काय करतात, हे त्याला चुकवायचे नव्हते. तो खाली बसला.

"कोण तू?"

"मार्तंड."

क्लॅरिनेट वाजले. नऊ स्वर, एकटे. मग पन्नास वाद्ये उठली आणि त्यांच्याबरोबर अख्खे थिएटर उठले. पाचव्या रांगेतला तो जाडगेला माणूसही टाळ्या पिटत होता. पडद्यावर मास्तरांचे नाव आले, एकटे, मोठे. त्याखाली चौथ्या रांगेत दोन खुर्च्या तशाच रिकाम्या होत्या. श्रीरंगच्या डोळ्यांना धार लागली. लोकांना वाटले, आनंदाने.

हार घालणाऱ्यांच्या तावडीतून सुटेपर्यंत दिवेलागण झाली. तो तसाच मास्तरांच्या घरी गेला. दारात सुलू होती. "श्रीरंगदादा, बाबा आले ते कोटसुद्धा न काढता आडवे झाले," ती म्हणाली.

मास्तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. श्रीरंगने जमिनीवर बसून सगळे सांगितले. दोन स्वर का, तीन का, शेवटी काय, नाव कसे. मास्तरांनी सारे ऐकून घेतले.

"मी उठून गेलेलं बघितलंस. म्हणून आलास," ते म्हणाले.

"नाही मास्तर. खरंच शेवटी तुमचीच..."

"असंल. उद्यापासनं असंल. रीळ कापून जोडायला किती येळ लागतो? अकरा सिनेमं केल्यात मी."

"वाजवणाऱ्यांना विचारा."

"तुझंच वाजवणारं. तू सांगशील तेच बोलणार."

"मग उद्या माझ्याबरोबर चला. स्वतःच्या कानांनी ऐका."

"माझ्यासाठी चिकटवलेलं ऐकायला? दयेचं नगं रं बाबा." मास्तर प्रथमच त्याच्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्या दिशी उंबऱ्यावर इचारलं, तवा एक शब्द बोलला असतास तर त्या अंधारात तीन तास काय, तीन दिस बसलो असतो."

सिनेमा पंचवीस आठवडे चालला. मार्तंड पुन्हा गावाचा लाडका झाला. पोरे पुन्हा ती शीळ घालू लागली, आता हसण्यासाठी नव्हे. शेजारीपाजारी मास्तरांना येऊन सांगत, "मास्तर, शेवटी तुमची धून लागली की अंगावर काटा येतो बघा." मास्तर मान डोलावत. लोक म्हाताऱ्याचे मन राखतात, गाव चांगले आहे, असे ते सुलूला म्हणत. थिएटराच्या रस्त्याने मात्र ते कधी गेले नाहीत.

पुढच्या थंडीत त्यांनी अंथरूण धरले. श्रीरंग रोज दुपारी जाऊन बसे. एके दिवशी त्याने स्वतःचे क्लॅरिनेट नेले आणि सिनेमाच्या शेवटी वाजते तशीच, संथ, एकट्याने ती धून वाजवली. मग मास्तरांच्या कानाशी वाकून म्हणाला, "अशीच आहे मास्तर. पहिल्या दिवसापासून अशीच होती."

मास्तरांनी डोळे उघडले. त्याचा हात थोपटला.

"लई ग्वाड वाजीवतोस रंगा," ते म्हणाले. "खोटं बोलणं तेवढं तुला जमत न्हाई."

चौथ्या दिवशी मास्तर गेले.

तात्पर्य: ज्याचा मान त्याला, त्याने विचारले त्याच घटकेला द्यावा; उशिरा सांगितलेले खरेही दयेसारखे ऐकू येते.