वाटीत उरलेला बोल्ट

लोक गाड्या आपल्याच अंगणात खोलायचे, त्या काळची गोष्ट. लांबच्या प्रवासाआधी दिगंबरनं मोटरसायकलला नवा दिवा लावला, ब्रेकही साफ करून जोडला. पण रॉकेलच्या वाटीत एक बोल्ट उरला.

“तुझ्यावाचून गाडी सुरू झाली की,” दिवा म्हणाला. “मग तू कशाला हवास?”

दिगंबर वाटी ओतायला उठला, तशी त्याची बायको उल्का म्हणाली, “सुरू झाली, पण थांबेल का?”

दिगंबर चपापला. त्यानं ब्रेक पुन्हा खोलून बोल्ट जागच्या जागी आवळला.

घाट उतरताना वळणावर म्हैस आडवी आली. गाडी तिच्यापासून हातभर अलीकडे थांबली.

“आहेस ना रे?” दिव्यानं हळूच विचारलं.

“आहे,” खाली चाकापाशी बोल्ट म्हणाला.