अस्वलमावशीची फुंकर

ओढा जिथे वळसा घेतो तिथल्या दाट रानात, एका जुन्या उंबराखाली, एक अस्वलीण राहत असे. बाळांनो, तिला स्वतःचे मूल नव्हते. पण सकाळ झाली की तिच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. कुणाची आई चरायला जाई, कुणाची शिकारीला, कुणाची कंदमुळे उकरायला, आणि जाताना प्रत्येक जण आपले पिल्लू तिच्याकडे सोडून जाई. सशाची, खारीची, कोल्ह्याची, माकडाची पोरे तिच्या केसाळ पाठीवर दिवसभर घसरगुंडी खेळत. म्हणून सारे रान तिला अस्वलमावशी म्हणे, आणि उंबराखालच्या त्या जागेला पाळणाघर.

अस्वलमावशी मोठी भाविक. उंबराच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड होता, तीच वनदेवी. तिला ओढ्याचे पाणी वाहिल्याशिवाय मावशी मधाचा थेंबही तोंडात घेत नसे. त्या वर्षी रानात खोकल्याची साथ आली. टेकडीपलीकडची दोन म्हातारी भेकरे त्या साथीत दगावली. ते ऐकून मावशी तडक उंबराच्या बुंध्याशी गेली. देवीपुढे हात जोडून तिने व्रत धरले, "आई, ही साथ सरेपर्यंत रोज दुपारी तुझं नाव घेईन आणि प्रत्येक लेकराच्या कपाळावर फुंकर घालीन. एकालाही चुकवणार नाही. माझी पाखरं सांभाळ."

रानाचा वैद्य म्हणजे मुंगूस. तो पाळणाघरात आला आणि म्हणाला, "मावशी, हा आजार श्वासातून श्वासात जातो. सगळ्यांनी नाक-तोंड झाकायचं. आणि ज्याला शिंक नाही तर खोकला, त्यानं घरी राहायचं. मग तो लहान असो की मोठा." शिंपी पक्षिणीने पळसाच्या पानांचे इवलेइवले द्रोण शिवून दिले. वेलीच्या तंतूने ते कानामागे बांधले की नाक-तोंड झाकून जाई. माकडाच्या पोराने पहिल्या दिवशी आपला द्रोण खाऊनच टाकला! पण मावशीने न रागावता दुसरा बांधला, आणि हळूहळू सगळ्यांना सवय झाली.

सगळ्यांत जास्त काळजी होती सशिणीच्या पिल्लाची. ते जन्मापासून छातीने नाजूक. चार उड्या मारल्या की त्याला धाप लागे. वैद्याने सशिणीला बजावले होते, "याला ही साथ झेपायची नाही हो." बिचारी सशीण रोज पिल्लाला सोडताना दहादा मागे वळे. "मावशी, सगळे द्रोण लावतात ना गं?"

"तू निर्धास्त जा बाई," मावशी म्हणे. "माझ्या जिवापेक्षा जपेन."

आणि ती खरेच जपे. एके सकाळी कोल्हिणीचे पिल्लू दारातच शिंकले. मावशी आडवी उभी राहिली.

"अगं, धूळ गेली असेल नाकात!" कोल्हीण म्हणाली.

"असेलही. पण आज त्याला घरीच ठेव."

"घरी ठेवू? मग शिकारीला कोण जाणार? रात्री त्याच्या पानात काय वाढू, तुझा नियम?"

मावशीला वाईट वाटले, पण ती दारातून हलली नाही. कोल्हिणीने पोराची मान तोंडात धरली, ती दोन पावले गेली, आणि पुन्हा पोराला खाली ठेवून म्हणाली, "दुसऱ्याला सांगायला सगळ्यांनाच जमतं हो. बघू, हा नियम तुझ्या उंबऱ्याच्या आत किती पाळला जातो ते!"

बाळांनो, कोल्हीण रागाने बोलली खरी, पण तिचा बाण अगदीच वाया गेला नव्हता. कारण रोज दुपारी एक गोष्ट घडत असे. पिल्ले झोपायला आडवी झाली, की मावशी आपला द्रोण काढून बाजूला ठेवी. पिल्लांचे द्रोणही चेहऱ्याला वारा लागावा म्हणून जरा खाली सरकवी. मग देवीचे नाव घेऊन एकेकाच्या कपाळावर हलकेच फुंकर घाली. पानाआडून घातलेली फुंकर कपाळापर्यंत पोचायची कशी, आणि देवाच्या नावाला पानाची आडकाठी कशाला, असे तिला वाटे. नियम मोडतो आहे हे तिच्या मनातही येत नसे. तिला ती माया वाटे, पूजा वाटे.

पुढे काही दिवसांनी मावशी सकाळी उठली तर तिचा घसा खवखवत होता. 'पहाटे ओढ्यात गार पाण्याने अंघोळ केली, त्याचेच असेल,' तिने मनाशी म्हटले, आणि ती कामाला लागली. दुपार झाली. तिने द्रोण काढला. खारीच्या पिल्लाला फुंकर घातली. माकडाच्या पोराला घातली. मग ती सशिणीच्या पिल्लाजवळ आली. पिल्लाने शहाण्यासारखे कान मागे टाकले, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केले.

मावशीने श्वास घेतला, आणि एकदम तिच्या छातीतून खोकला उसळला. कसेबसे तिने तोंड फिरवून आपल्याच केसाळ काखेत खुपसले. खोकला थांबला, पण मावशी तशीच राहिली. 'धूळ गेली असेल नाकात.' 'गार पाण्याने झाले असेल.' कोल्हिणीचे बोलणे आणि तिचे स्वतःचे बोलणे, दोन्ही तिला शेजारीशेजारी ऐकू आली. त्यांत काडीचा फरक नव्हता.

"मावशी, माझी फुंकर राहिली," पिल्लू डोळे न उघडता म्हणाले.

एकालाही चुकवणार नाही, असा शब्द तिने देवीला दिला होता. हे पिल्लू चुकवले तर व्रत मोडते. आणि चुकवायचे तेही कुणाला, तर ज्याच्यासाठी देवीची सर्वांत जास्त करुणा भाकली, त्यालाच! तिने बुंध्याजवळच्या दगडाकडे पाहिले. दगड काय बोलणार? पण पाहता पाहता मावशीलाच उमगले, की जे व्रत लेकरांसाठी धरले, त्या व्रतापायीच लेकराला धोका झाला तर देवीला ते कसे आवडेल?

तिने द्रोण घट्ट बांधला, सगळ्यांचे द्रोण सारखे करायला सांगितले आणि ती मागे सरली. "आज तुझी फुंकर देवीपाशी ठेवलीय, राजा. नंतर देईन हं." मग दूर ओढ्याच्या काठाशी जाऊन तिने सगळ्या आयांना हाक घातली.

आया धावत आल्या. मावशीने लांबूनच सगळे सांगितले, काही लपवले नाही. "मला खोकला आहे. आणि आजवर मी द्रोण काढून पोरांवर फुंकर घालत आले. आज सशिणीचं पिल्लू तेवढं राहिलं." सशिणीने पिल्लाला पोटाशी ओढले.

कोल्हीण मात्र पुढे झाली. "काय गं मावशी, आज कुणाच्या नाकात धूळ गेली?"

"बोल बाई, तुझा हक्कच आहे," मावशी म्हणाली. "नियम मी साऱ्या रानाला लावला, माझ्या मायेला तेवढा लावायचा राहिला. आणि तुझ्या पोराला परत पाठवलं तेव्हा तुमच्या घरी चूल कशी पेटेल, हेही मी विचारलं नाही. ते जास्त चुकलं."

कोल्हीण शेपूट आवरून बसली.

वैद्याने पाळणाघर काही दिवस बंद ठेवले. मावशी उंबरामागच्या आपल्या गुहेत एकटी पडून राहिली. अंगात ताप, घशात काटे, आणि मनात एकच घोर, सशिणीचे पिल्लू. एका संध्याकाळी गुहेच्या बाहेर खसखस झाली. पाहते तो कोल्हीण! तिने मधाच्या पोळ्याचा तुकडा पानावर ठेवला होता आणि ती चांगली दहा हात मागे उभी होती. तोंडाला द्रोणही होता.

"जवळ येणार नाही हो, नियम तुझाच आहे," ती म्हणाली. "मधमाश्यांनी माझं नाक सुजवलंय, ते बघून हसू नकोस. खारीचं पोर खोकतंय, माकडाचंही खोकतंय, पण खेळताहेत. मी त्यांच्या दारातही खाणं ठेवून आले."

"आणि सशिणीचं?"

"साधं शिंकलंसुद्धा नाही."

मावशीने डोळे पुसले, आणि कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

खोकणारी पिल्ले बरी झाली. मावशीही उठली, आणि वैद्याने सांगितले तेव्हाच पाळणाघर पुन्हा भरले. आता तिथे आणखी एक रीत पडली होती. ज्या घरचे पिल्लू दारातून परत जाई, त्या घरी बाकीच्या आया मिळून खाणे पोचवीत. त्यामुळे शिंक कुणी लपवीनासे झाले. पहिल्याच दुपारी सशिणीचे पिल्लू म्हणाले, "मावशी, माझी एक फुंकर बाकी आहे."

मावशीने द्रोणाची गाठ तपासली. हात जोडून देवीचे नाव घेतले आणि हातभर लांबूनच, पानाआड, गाल फुगवून फुंकर घातली. पळसाचे पान फर्रर्र वाजले. पिल्लू खुदकन हसले.

"पोचली का रे?" मावशीने भीत भीत विचारले.

"पोचली!" पिल्लू म्हणाले, आणि डोळे मिटून झोपी गेले.

तेवढ्यात वरून एक पिकले उंबर टपकन देवीच्या दगडावर पडले. मावशीने तो कौल मानला.

तात्पर्य : दुसऱ्याला घातलेला नियम आधी आपल्या मायेलाही घालावा; ज्यांच्यासाठी व्रत धरले त्यांना जपणे, हेच खरे व्रत.