दाराच्या चौकटीवरचा कौल

एकदा एक आवाज म्हाताऱ्या गुरवाने ऐकला होता. त्याला साठ वर्षे होऊन गेली. आषाढातली भर दुपार, आणि डोंगराच्या पोटात कुणी जाड कांबळे टरकावीत असल्यासारखा तो आवाज. गुरवाने तो कधी कुणाला सांगितला नाही. पण लाकडाचा व्यापारी गावात आला, त्या दिवसापासून तो पुन्हा कानात घुमू लागला.

गावाच्या माथ्यावर, उभ्या उतारावर, देवराई होती. तिथली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नसे. व्यापारी म्हणाला, "देवाचीच झाडं, देवालाच नवं सिमेंटचं देऊळ. यात वावगं काय, गुरवबुवा?" गावाला ते पटले. कौल तेवढा घ्यायचा उरला. देवाच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली की देवाचा होकार.

म्हाताऱ्याचे हात कापत, म्हणून कौल त्याचा शिष्य लावणार होता. लेकुरवाळा, हुशार गडी. उजवी पाकळी जरा कमी भिजवली की लवकर सुटते, हे त्याने ओळखले होते. त्याने ते ओळखले आहे, हे म्हाताऱ्याने ओळखले होते.

सकाळी गाव राईत जमले. म्हाताऱ्याने पाकळ्या उचलल्या आणि देवाकडे पाठ करून तो उतार उतरू लागला.

"आबा, देव इकडं राहिला!" कुणीतरी हसले.

तो थांबला नाही. शिष्य आणि बाकीचे त्याच्या मागोमाग उतरले. राईच्या पायथ्याशी पहिले घर शिष्याचे. म्हाताऱ्याने त्याच्या दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंना एकेक पाकळी लावली. आत पाळण्यात शिष्याची लेक झोपली होती.

"आता विचार."

"आबा, ही काय थट्टा? कौल देवाला लावतात."

"देव दगडाचा आहे रे. डोंगर खाली आला तर त्याचं काय जाणार? झाड तोडलं तरी मुळं लगेच सोडत नाहीत. दोन-तीन पावसाळे माती धरून ठेवतात, मग कुजतात. पलीकडच्या डोंगरावरची राई अशीच तुटली होती. तिसऱ्या आषाढात आवाज झाला. मी गुरांमागे गेलो होतो. परत आलो तर घराच्या जागी नुसता चिखल. आई आत होती." म्हाताऱ्याचा आवाज खाली गेला. "तो कौल माझ्या बापानं लावला होता. उजवी पाकळी त्यानंही कमीच भिजवली होती. ज्याचं जायचं, विचारावं त्याला."

वर राईत वारा सुटला होता.

"अहो, विचारा की!" मागून व्यापारी म्हणाला. "उन्हात किती वेळ उभं राहायचं?"

वाऱ्याने उजवी पाकळी कडेने सुटू लागली. शिष्याने झटकन पुढे होऊन ती अंगठ्याने चौकटीवर दाबून धरली. आत लेक जागी होऊन रडू लागली, तरी त्याने अंगठा काढला नाही.

व्यापाऱ्याने त्या अंगठ्याकडे पाहिले, मग पाळण्याकडे, मग वरच्या उताराकडे. आणि तो पायवाटेने निघून गेला.