तापातला पैलवान

“मग वस्ताद, नाक गळतंय म्हणून पैलवानानं घरी बसायचं व्हय?”

जोतिरामनं विचारलं खरं, पण लगेच त्याला शिंकांवर शिंका आल्या आणि प्रश्नाचा जोर निम्मा तिथंच गेला.

दस्तगीर वस्ताद तालमीत कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसले होते. सत्तरी ओलांडलेले, बोलायला कंजूष.

जोतिराम लंगोट कसून उभा होता. डोळे लाल, अंग भाजून निघालेलं. रविवारी जत्रेचं मैदान होतं आणि शेवटची, मानाची कुस्ती त्याची होती. तिच्यासाठी त्यानं वर्षभर रक्ताचं पाणी केलं होतं. ती हुकली तर असा जोड पुन्हा कधी लागणार...

सकाळी तो डॉक्टरांकडे जाऊन आला होता. दंड पुढं करून म्हणाला होता, चांगली मोठी सुई टोचा. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली आणि सांगितलं, हा विषाणूचा ताप, याला सुई नाही आणि अँटिबायोटिकही नाही. तापाची गोळी घ्या, पाणी आणि पेज भरपूर प्या, झोपून राहा. दम लागला किंवा ताप चढतच राहिला, तर मात्र ताबडतोब या. एवढ्या मोठ्या देहाला एवढंसं औषध, हा जोतिरामला अपमानच वाटला. हे सगळं त्यानं आल्या आल्या वस्तादांना सांगितलं होतं.

“हजार जोर मारतो. घाम निघाला की ताप पळतोय का न्हाई बघा.”

“डॉक्टर बरोबर बोललाय,” वस्ताद म्हणाले. “तापल्या अंगानं जोर मारायचं न्हाईत. आन् हौद्यात तर उतरूच नगंस. कुस्तीत नाकाला नाक लागतंय. तुझा श्वास ह्या समद्यांच्या छातीत जाणार.”

जोतिरामनं वळून पाहिलं. हौद्यातली पोरं नकळत पाऊलभर मागं सरकली होती. त्याला फार वाईट वाटलं.

“रविवारपतूर बरं वाटलं तर?”

“तर बघू.”

“आन् न्हाई वाटलं तर?”

“तर झोपून ऱ्हायचं.”

जोतिरामचा आवाज फाटला. सर्दीनं की रडण्यानं, ते त्याचं त्यालाच कळेना.

“मरण आलं तरी पाठ टेकायची न्हाई, हे तुमीच शिकवलंत. आन् आता घरात उताणा पडू? गाव म्हणंल, जोतिरामला सर्दीनं पाडलं.”

आता वस्ताद भडकणार, असं सगळ्यांनाच वाटलं. भडकले असते तर जोतिराम मुकाट घरी गेला असता आणि मनात कुढत बसला असता. पण माणूस मोठा होता, म्हणून भडकला नाही.

त्यांनी डोक्यावरचा पटका काढून काठावर ठेवला. सावकाश हौद्यात उतरले. चिमूटभर माती कपाळाला लावली.

पोरं बाजूला झाली. उभ्या हयातीत वस्तादांची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. भलेभले नावाजलेले मल्ल घाम गाळून रिकाम्या हातानं परत गेले होते.

वस्ताद धुतल्या सदऱ्यानिशी खाली बसले. मग हात टेकून हळूहळू मागं झाले आणि उताणे पडले. दोन्ही खांदे, सगळी पाठ मातीला टेकली.

जोतिराम पुढं झेपावला आणि काठाशीच थबकला. धावत जाऊन त्यांना उठवावं, तर हौद्यात उतरायची त्याला बंदी. तो काठावरच हात जोडून उभा राहिला. नाक गळत होतं, ते पुसायचंही भान त्याला नव्हतं.

वस्तादांनी डोळे मिटले होते. श्वास संथ चालला होता. घाई कसलीच नव्हती...

मग पडल्या पडल्याच ते म्हणाले,

“जोती, आता सांग. मला कुणी पाडलं?”