बुवांनी कॉफीला ‘वा’ म्हटलं

चूक शेषाद्रीबुवांची होती. मोठ्या माणसाच्या चुकीला परंपरा म्हणतात. म्हणून ती चूक नाही, असं होत नाही.

“एकदा तरी म्हणालात?” विरेश विचारत होता. “इतकी वर्षं समोर बसवलंत. एकदा तरी तोंडातून निघालं, की पोरगा बरा गातो?”

बुवांनी टेबल हलवून पाहिलं. एक पाय आखूड होता. टेबलाचा.

सोलापुरात, नवी पेठेच्या तोंडाशी हे कॉफी शॉप. भिंतीवर कुठल्यातरी परदेशी पुलाचं चित्र. एसीखाली प्लास्टिकची बादली, तिच्यात टपटप. दारापाशी पाटी : एका कॉफीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये. खुर्च्या अशा, की तेवढंही कोणी बसू नये.

जागा विरेशने निवडली होती. बुवांच्या घराची पायरी चढायची नाही, अशी त्याची शपथ होती. ‘भेटायचं आहे’ असा बुवांचा निरोप आला, तेव्हा त्याने उलट कळवलं, तुम्हीच या.

गुरूने शिष्याच्या दारी जाऊ नये, असं जाणती माणसं सांगतात. बुवा आले. रिक्षाने, धुवट धोतर नेसून, काठी टेकत.

विरेश बिराजदारने गाण्यासाठी कॉलेज सोडलं होतं. पुढे बुवांपायी गाणंही सोडलं. आता तो पेठेतल्या एका कापडदुकानाबाहेर माइक धरून उभा असतो. या ताई, या मावशी, चादरीवर चादर फुकट, आजचाच दिवस. गेली दोन वर्षं रोज आजचाच दिवस.

“आवाज बसलाय तुझा,” बुवा म्हणाले. “सर्दी?”

“सेल.”

“हं.”

…

“परत ये,” बुवा म्हणाले. “तेवढंच सांगायला आलो. पुष्कळ द्यायचं राहिलंय. माझा दम आता पुरत नाही. ये.”

म्हातारी माणसं माफी मागत नाहीत. ‘ये’ म्हणतात. आपण ते माफीसारखं ऐकून घ्यायचं असतं.

विरेशने ऐकून घेतलं नाही.

“येतो की,” तो म्हणाला. “एक अट आहे. मी चांगला गायचो, असं म्हणा. इथं, माझ्या तोंडावर. माइक देतो दुकानात फेकून आणि बसतो तुमच्याबरोबर रिक्षात.”

बुवांचे ओठ हलले. थांबले.

“दुसरं काहीही माग.”

“दुसरं काय आहे तुमच्याकडे?”

…

“रामाच्या देवळातली ती गुरुपौर्णिमा,” विरेश म्हणाला. “मारवा गायलो होतो मी. पुढे बसलेल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. पेटीवाले काका वाजवायचं विसरले. मी तुमच्या पाया पडायला आलो. तुम्ही काय म्हणालात? आठवतंय?”

“तंबोरा उतरला होता.”

“तंबोरा उतरला होता, म्हणालात!”

“उतरला होता रे.”

“बुवा!”

“पंचमाची तार… म्हणजे, मारव्यात तिथं निषाद लावलेला असतो. तो उतरला होता.”

विरेश हसला. चांगलं हसू नव्हतं ते. त्याच रात्री त्याने तंबोऱ्याला गवसणी घातली होती, ती अजून काढली नव्हती.

काउंटरवरची बाई कॉफी घेऊन आली. चॉकलेटी एप्रन, केसांना घट्ट जाळी, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय. फेसावर बदाम काढायचा प्रयत्न केलेला होता, त्याची कलिंगडाची फोड झाली होती.

“घ्या आजोबा. कडू लागली तर साखरेच्या पुड्या आहेत तिथं.”

आता एक सांगायला हवं. बुवांच्या घरात कॉफी म्हणजे थट्टा नव्हती. मूळचं घर कर्नाटकाच्या हद्दीवरचं. पितळी फिल्टर, ताजी दळलेली पूड, थेंब थेंब उतरणारा काढा. बुवांच्या पत्नी, पद्माकाकू, पहाटे तो लावायच्या आणि मग विरेशचा षड्ज सुरू व्हायचा. त्या घरात वाईट कॉफी ओळखायला जीभ लागत नसे. वास पुरे.

बुवांनी कप उचलला. घोट घेतला.

विरेशनेही घेतला. करपलेली होती. पाणचट होती. दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, देव जाणे.

बाई रेंगाळली होती. “कशी झालीय आजोबा?”

“वा!” बुवा म्हणाले.

नुसतं तोंडाने नाही. मान डोलवून, डावा हात वर उचलून. मैफलीत पहिल्या रांगेत बसलेला जाणकार देतो तशी दाद. “वा, वा. फार सुरेख.”

बाईचा चेहरा उजळला. काउंटरकडे वळता वळता तिने आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, “ऐकलं का, आजोबांना आवडली हो!”

विरेशचा कप बशीवर आदळला.

“हिला? ह्या कॉफीला?”

“हळू बोल.”

“माझ्यासाठी इतकी वर्षं जीभ उचलली नाही तुमची. आणि ह्या भांडी विसळलेल्या पाण्याला वा? हात वर करून?”

“कॉफी भिकारच आहे,” बुवा शांतपणे म्हणाले. “म्हणून तर म्हणता आलं.”

…

“ती आता सुधारणार नाही. उद्याही अशीच असेल. बाई दमलेली आहे, तिला बरं वाटलं. संपलं.”

“आणि मी?”

“तू संपला नव्हतास.”

दाराबाहेर सिटीबसने कर्कश हॉर्न दिला. बुवांनी सवयीने डोळे मिटले, मग उघडले.

“माझ्या गुरुजींपुढे एकदा यमन गायलो,” ते म्हणाले. “तुझ्यापेक्षा लहान होतो. ते म्हणाले, वा. मी हवेत. धावत घरी गेलो, आईला सांगितलं, शेजारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी यमन काढला, तर म्हणाले, राहू दे, दुसरं घे.”

“मग?”

“त्यानंतर यमन त्यांनी मला कधी शिकवला नाही. वा म्हटलं ना… दार लावलं त्यांनी. माझा यमन आजही तेवढाच आहे. लोक टाळ्या वाजवतात त्याला.”

“हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, म्हणजे वा म्हटल्यासारखंच झालं असतं.”

किती सोयीचं! देणाऱ्याला काही द्यावं लागत नाही, आणि घेणाऱ्याने उपाशीपोटी समजून घ्यायचं, की ताट वाढलेलं होतं. एका म्हाताऱ्याने दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्याने तिसऱ्यावर चालवलं. मधे एकाही पोराला कोणी विचारलं नाही.

“काकूंच्या कॉफीला तरी म्हणालात का कधी?” विरेशने विचारलं. त्याला फक्त टोचायचं होतं.

बुवांनी कप खाली ठेवला.

“नाही.”

“कधीच?”

“आज पातळ झाली, आज गार आहे… असलंच काहीतरी. चांगली असायची. रोज चांगली असायची.” ते थांबले. “तिला वाटलं, मला आवडत नाही. शेवटच्या वर्षी तिने फिल्टर माळ्यावर टाकला आणि चहा करायला लागली.”

“मग तुम्ही?”

“चहा प्यायलो.”

…

काकू गेल्या तेव्हा विरेश स्मशानात आला होता, लांब उभा राहून परत गेला होता. दोघांनाही ते माहीत होतं.

राग करायला आलेल्या माणसाची ही मोठी पंचाईत असते. समोरचा इतका उघडा पडतो, की मारायला जागा उरत नाही. विरेशने पुडी फाडली, साखर बशीत ओतली, बोटाने पसरली.

“बुवा,” तो खालमानेने म्हणाला, “तो मारवा… कसा होता?”

बुवांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

“सा लाव,” ते म्हणाले.

“इथं?”

“केकचा तो फ्रिज ऐक. घुमतोय बघ. पेटीवरच्या काळी एकच्या आसपास आहे. त्याला धर.”

विरेशला हसू फुटलं. या वेळी खरं. “फ्रिजवर सा?”

“तुझ्या तंबोऱ्यापेक्षा बरा लागलाय.”

पलीकडच्या टेबलावर दोन मुली मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. त्यांच्याकडे एकदा बघून विरेश ताठ बसला. खांदे आपोआप सैल झाले, मांडीवरचा हात उलटा पडला. अंगाला सगळं आठवत होतं.

त्याने सा लावला.

…

सा निघाला नाही. निघाली ती हवा, आणि तिच्या मागून कापड टरकावल्यासारखं काहीतरी.

तो खाकरला. पाणी प्याला. पुन्हा लावला. स्वर क्षणभर उभा राहिला, मग दोन ठिकाणी फाटला. मोबाइलवाल्या मुलींपैकी एकीने वर पाहिलं.

“थांबा, अजून एकदा,” विरेश म्हणाला आणि पुन्हा लावला. मग स्वतःच थांबला.

“गाठी आहेत म्हणतात डॉक्टर,” तो म्हणाला. “घशात. बोलायचं बंद ठेवा म्हणतात. मालक म्हणतो, बोलायचेच पैसे देतो तुला.” त्याने हसून दाखवायचा प्रयत्न केला. “रियाज केला तर सुटेल. सुटेल ना, बुवा? तुम्ही बसवून घेतलंत तर?”

बुवांचे डोळे मिटलेले होते. स्वर कधीच थांबला होता, ते अजून ऐकत होते. जिथपर्यंत तो जायला हवा होता तिथपर्यंत बहुधा ते एकटेच जाऊन आले.

त्यांनी डोळे उघडले. डावा हात टेबलावरून वर उचलला.

“वा,” बुवा म्हणाले.

काउंटरवरच्या बाईने हौसेने टाळ्या वाजवल्या. मुलींनीही दोन वाजवल्या.

विरेशला हवं होतं ते मिळालं. तोंडावर मिळालं, चारचौघांत मिळालं.

तो हलला नाही.

“कॉफीला म्हणालात तसं?” त्याने विचारलं.

उचललेला हात खाली कसा आणावा, हे बुवांना कळत नव्हतं. शेवटी विरेशनेच तो धरला आणि टेबलावर ठेवला.

फ्रिज घुमत राहिला.

“अट तर तुम्ही पाळलीत,” विरेश म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता, लहान पोराचा असावा तसा. “उद्यापासून येऊ ना मग?”

बुवांनी काठी चाचपली. उठायला गेले, उठले नाहीत.

“तू येशील म्हणून,” ते म्हणाले, “मी दुसऱ्या कोणाला शिकवून तयार केलं नाही.”