दोन पट्ट्या आणि एक वरात

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव केरबा. भोळा म्हणजे किती? बायकोनं 'दुधावर नजर ठेवा' म्हटलं, तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली येईपर्यंत तो नजर ठेवायचा. नजर ठेवायला सांगितली होती, गॅस बंद करायला नव्हे.

त्याची बायको शेवंता मात्र हुशार. लग्नात कॅमेरा घेऊन जायची आणि घरी कॉम्प्युटरवर त्याची झकास फिल्म करायची. हा कॉम्प्युटर केरबाच्या भाच्याकडून जुना घेतलेला. भाच्याला गेम खेळायचा नाद. त्यानं कॉम्प्युटरचा वेग मूळच्यापेक्षा वाढवून ठेवला होता. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. बैलाला चाबूक मारून घोड्याच्या चालीनं पळवावं, तसं. भाच्याकडे तो पळायचा. शेवंताकडे आल्यावर फिल्म जोडायला घेतली की धापा टाकायचा.

तशात गावचे पोलीस पाटील तातोबा यांनी आपल्या वैजूच्या लग्नाचं काम शेवंताला दिलं. मंगल कार्यालयात पडद्यावर वैजूची लहानपणापासूनची फिल्म दाखवायची आणि मग सगळं लग्न टिपायचं, ते थेट नवरी सासरी माप ओलांडते तिथपर्यंत. कार्यालयाचे मालक तातोबांचे साडू. हे काम नीट झालं, तर तिथली सगळी लग्नं शेवंताला मिळणार होती. नाही झालं, तर कॉम्प्युटर विकायचा आणि परत साड्यांना फॉल लावत बसायचं. फॉल लावून लावून तिची मान गेली होती. त्या दिवसांची तिला मनापासून धास्ती वाटायची.

तिचा भाऊ सदा कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं रॅमच्या दोन नव्या पट्ट्या एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवल्या. जुनी पट्टी काढायची, या दोन बसवायच्या, म्हणजे धाप कमी होईल. नेमकं त्याच दिवशी शेवंताला हळदीचे फोटो काढायला जायचं होतं.

"फोनवर सदा सांगंल तस्सं करा," ती जाताना म्हणाली. "आपलं डोकं लावू नका."

"न्हाई लावत," केरबा म्हणाला. आणि त्यानं शेवटपर्यंत शब्द पाळला.

सदाचा फोन आला. "दाजी, वायर काढलीसा? झाकण उघडलंसा? आता पट्टीला हात लावायच्या आधी कुठल्यातरी लोखंडाला हात लावा. अंगातली वीज उतरती."

केरबानं इकडेतिकडे बघितलं. घरात लोखंड एकच दिसत होतं. भाकरी गरम करायला चढवलेला तवा. त्यानं त्यावर पंजा टेकवला. अंगातली वीज उतरली की नाही ठाऊक नाही, पण केरबाची बोंब तिसऱ्या गल्लीत ऐकू गेली.

"आवं दाजी, तापलेल्या लोखंडाला न्हवं!" सदा ओरडला. "कशालाबी हात लावायचा तर आधी गार होऊ द्यावं!"

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई?" केरबा म्हणाला, आणि धडा पक्का केला.

हात पाण्यात बुडवून झाल्यावर त्यानं जुनी पट्टी काढून दोन्ही नव्या बसवल्या आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर 'टूं, टूं, टूं' करून ओरडला आणि पडदा काळाच राहिला.

"पट्टी पुरती आत गेली न्हाई," सदा म्हणाला. "दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईस्तोवर दाबा."

तेवढ्यात दारात तातोबा. फिल्म कुठवर आली बघायला आले होते. सोबत रुखवतात मांडायचा थर्माकोलचा फलकही आणला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'वैजयंता आणि रणजित'. शेवंतानं त्याचा फोटो काढून ठेवायचा होता.

केरबानं पाहुण्यांसाठी चहा केला. कप त्यांच्यासमोर ठेवला, पण ते उचलायला गेले की हा त्यांचा हात धरायचा. "थांबा तात्या. आधी गार होऊ द्या."

चहा गार झाला. त्यावर साय धरली. मग केरबा म्हणाला, "आता लावा हात."

तातोबांनी तोंड वाकडं करून चहा संपवला आणि चष्मा काढून पुसायला घेतला. "ह्याची एक काडी ढिली झालीया बघ," ते म्हणाले.

केरबानं चष्मा हातात घेतला आणि दोन्ही बाजूंनी दाबला. आवाज आला. टक. मग दुसऱ्या बाजूनं, टक.

तातोबांच्या हातात परत आले ते दोन चष्मे, एकेका डोळ्याचे. "अरं लेका!" ते ओरडले. "नाजूक वस्तू दाबत्यात व्हय? हळू पुसायची असती!"

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई?"

तातोबा भिंतीला धरून धरून घरी गेले. पट्ट्याही 'टक' करून बसल्या. पण कॉम्प्युटर पुन्हा टूं, टूं, टूं.

"बाहेर काढा दोन्ही," सदा म्हणाला. "त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसा. मळ गेला की चालतंय."

केरबानं कडा पुसल्या. लख्ख झाल्या. त्याला फार बरं वाटलं. खोडरबर अजून पुष्कळ शिल्लक होता. त्यानं वर बघितलं, तर समोर फलक आणि त्यावर सगळं सोनेरीच सोनेरी. नाजूक वस्तू हळू पुसायची असते, हे आता त्याला ठाऊक होतं. त्यानं अगदी हळू पुसलं. वैजयंता गेली, 'आणि' गेला. नुसता रणजित उरला. तोवर खोडरबर संपला म्हणून रणजित वाचला.

पट्ट्या परत बसवल्या. टूं, टूं, टूं.

आता सदाचाही आवाज थकला होता. "दाजी, नीट ऐका. दोन्ही लावल्या की बंद पडतंय न्हवं? मग दोन्ही काढा आणि एकच लावा. चाललं, तर ती चांगली. खोट दुसरीत. काळजी करू नका, गॅरंटी हाय, बदलून मिळती. पावती तेवढी जपून ठेवा."

केरबानं एक लावली. चाललं. ती काढून दुसरी लावली. तेही चाललं. दोन्ही लावल्या, टूं, टूं, टूं.

सदा म्हणाला, "आलं ध्यानात. पट्ट्या चांगल्याच हाईत. तुमच्या भाच्यानं यंत्राला मारूनमुटकून पळवलंय. जोडीला त्यो वेग झेपत न्हाई. आत रुपयाएवढा सेल हाय बघा. वायर काढून त्यो सेल काढा, जरा हातात धरून बसा, परत घाला. जे लई पळतंय, त्याचा सेल काढला की शिकवलेलं विसरून मूळच्या चालीवर येतंय."

तसंच झालं. सेल काढला, घातला, आणि कॉम्प्युटर दोन्ही पट्ट्यांसकट गुमान सुरू झाला. शेवंता हळदीहून आली, तो केरबा पंजाला फडकं बांधून राजासारखा बसला होता. फलक बघून तिनं कपाळाला हात लावला, पण कॉम्प्युटर धाप न टाकता चालत होता. तिनं फिल्म पुरी केली आणि फलकावर स्वतःच्या हातानं पुन्हा सोनेरी नाव घातलं.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात फिल्म दाखवली. वैजू झबल्यात, वैजू शाळेत, वैजू बैलपोळ्याला बैलाच्या पाठीवर. बायका डोळे पुसत होत्या. तातोबा तर चष्मा नसताना रडले. साडूंनी शेवंताला बाजूला बोलावून सांगितलं, "शेवटापर्यंत असंच झालं, तर पुढची लग्नं तुमचीच."

इकडे भटजी भिंतीकडे बघून पुटपुटत होते, "हे घड्याळ फार पळतंय बुवा."

केरबानं ऐकलं. फार पळतंय? त्यानं स्टूल आणलं, घड्याळाचा सेल काढला आणि मुठीत धरून कोपऱ्यात बसला. भटजी अधूनमधून वर बघायचे आणि म्हणायचे, "आहे, अजून वेळ आहे." लोक अक्षता धरून उभे. पोरांनी तर अक्षता खायला सुरुवात केली. शेवटी वैजूच्या मामांनी मोबाईल बघितला आणि आरडाओरडा झाला. मुहूर्त गाठायला भटजींनी मंगलाष्टका अशा म्हटल्या की भाच्याचा कॉम्प्युटरही मागे पडावा.

शेवंतानं नवऱ्याला खांबाआड ओढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात जोडते तुमाला. घड्याळ, चष्मा, फलक, कशाकशाला हात लावू नका. जे टूं टूं करून बंद पडतं, त्यालाच सदाचे उपाय करायचे. दुसऱ्या कशाला न्हाई. कळलं?"

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई?" केरबा म्हणाला.

मग शेवंता कॅमेरा घेऊन वऱ्हाडाच्या टेम्पोतून पुढे नवरदेवाच्या गावी गेली. माप ओलांडतानाचं तेवढं बाकी होतं. ते मिळालं की सुटली.

मागे पाठवणीची वेळ झाली, आणि जेवणं झाल्यावर जीपच्या ड्रायव्हरच्या पोटात कळ आली. केरबाला जगात एकच गोष्ट नीट येत होती, जीप चालवणं. तातोबांनी छातीवर दगड ठेवून किल्ली त्याच्या हातात दिली. मागं नवरी बसली, शेजारी नवरदेव बसला. वैजू पदरात तोंड घालून रडत होती. केरबानं किल्ली फिरवली.

तातोबांनी त्या जुन्या जीपला चोराच्या भीतीनं भोंगा बसवून घेतला होता. तो वाजला. टूं, टूं, टूं. आणि जीप बंद पडली.

केरबाचा चेहरा उजळला. तो मागं वळून म्हणाला, "नवरदेव, जरा उतरा बघू."

लोकांना वाटलं, ढकलायला सांगतोय. नवरदेव उतरला. मुंडावळ्या कानामागं टाकून त्यानं मित्रांबरोबर जोर लावला. जीप हलली, खोकली आणि सुरू झाली. सुरू झाली ती गेलीच. नवरदेव फेटा धरून वेशीपर्यंत पळाला.

नवरदेवाच्या दारात सगळी तयारी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप. नवरदेवाची आई भाकरतुकडा घेऊन उभी. शेवंताचा कॅमेरा चालू. जीप थांबली. वैजू उतरली, तिनं पदर बाजूला केला आणि शेजारी बघितलं. शेजारी कोणी नव्हतं.

"आमचा रणजित कुठं हाय?" आईनं विचारलं.

"त्यो व्हय?" केरबा म्हणाला. "त्यो काढून ठेवलाय."

"काढून?"

"दोघं लावली, तर टूं टूं करून बंद. त्याला काढला, एकटी नवरी लावली, तर झ्याक चाललं. म्हंजे नवरी चांगली हाय, मावशी. खोट नवरदेवात हाय."

शेवंताचा कॅमेरा चालूच होता. पुढं ती फिल्म लोकांनी मागून मागून बघितली आणि शेवंताला परत कधी फॉलची सुई धरावी लागली नाही. पण ते पुढचं झालं. त्या घडीला तिला वाटलं, संपलं सगळं.

नवरदेवाच्या आईच्या हातातला भाकरतुकडा खाली पडला. केरबाला त्या माउलीची फार दया आली. तो जवळ गेला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला,

"जिवाला लावून घेऊ नका, मावशी. गॅरंटीत बदलून मिळतोय. त्येची पावती तेवढी जपून ठेवलीया न्हवं?"