उत्तरपत्रिकेतले तान्हूबाईचे नाव

एका राज्यात नद्या पुष्कळ होत्या आणि पूल पडायचेही पुष्कळ. शेवटी राजा वैतागला. त्याने फर्मान काढले, की परीक्षा देऊन सनद मिळवील त्यानेच यापुढे पूल बांधावा. परीक्षेत दहा प्रश्न असत. सात बरोबर आले की सनद. तीनदा नापास झालेल्याला मात्र पुन्हा बसता येत नसे.

सिदोजी नावाचा गवंडी दोनदा नापास झाला होता. बारा वर्षे पुलांवर राबलेला, कामाला वाघ. पण कागद पुढे आला की त्याला घाम फुटायचा. पूल बांधण्यावाचून दुसरे काही करावे असे त्याच्या कधी मनातही आले नव्हते. म्हणून तिसऱ्या खेपेची तयारी त्याने वर्षभर आधीच सुरू केली.

काम संपले की तो पोथ्या घेऊन गावाबाहेरच्या चुन्याच्या भट्टीवर जाऊन बसे. घरी पोरांचा गलका, इथे निदान शांतता. भट्टी तान्हूबाईची. चाळीस वर्षे ती चुना भाजत आणि मळत आली होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण सिदोजी मोठ्याने पाठ करू लागला की तिचे कान तिकडेच. तो चुकला की ती ओरडे, "सिद्या, काल तर वेगळं म्हणत होतास!" तिच्या धाकानेच त्याचे निम्मे पाठांतर झाले.

एके दिवशी तो वाचत होता, "पाण्यातल्या पायासाठी एक भाग चुना, दोन भाग वाळू."

तान्हूबाई हसली. "हे लिहिणारा कधी गुडघाभर पाण्यात उतरला नसेल. नुसत्या वाळूचा चुना पाण्यात धरत नाही रे. निम्म्या वाळूऐवजी विटेची भुकटी घाल, मग बघ."

परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. सिदोजीची सहा उत्तरे पक्की होती, तीन कोरी. सगळे या सातव्यावर येऊन अडले होते. पोथीतले उत्तर चूक आहे हे ठाऊक असताना ते लिहायला त्याचा हात धजेना. त्याने विटेच्या भुकटीचे उत्तर लिहिले. पण नियम असा, की उत्तराखाली ते कुठून शिकलात तेही लिहायचे. पोथीचे नाव चाले, 'स्वानुभव' चाले. माणसाचे नाव लिहिले तर तो सनदवाला हवा, नाहीतर उत्तराला शून्य.

'स्वानुभव' लिहिले असते तर कुणाला कळणार होते? सिदोजीने लेखणी टेकवलीही. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांपुढे चुन्याने फुटलेले तान्हूबाईचे हात आले. त्याने लिहिले, 'तान्हूबाई, चुन्याची भट्टी.' आणि मनातल्या मनात सनदेवर पाणी सोडून तो बाहेर पडला.

परीक्षक नारोपंत भारी कडक. ते उत्तर वाचून चक्रावले. नियमाने त्याला शून्य, पण ते खरे असेल तर पोथीच चुकीची ठरत होती. दुसऱ्या दिवशी सिदोजीला घेऊन ते थेट भट्टीवर गेले आणि त्यांनी तान्हूबाईला त्याचे उत्तर वाचून दाखवले, "निम्म्या वाळूऐवजी खणखणीत भाजलेल्या विटेची भुकटी घालावी."

तान्हूबाईने कपाळावर हात मारला. "खणखणीत? असं मी कधी म्हटलं? जास्त भाजलेली वीट चुन्याशी एकजीव होत नाही. कोवळी भाजलेली लागते. मेल्या, विचारायचंस तरी!"

सिदोजीचा चेहरा उतरला. भिंतीला खणखणीत वीटच लागते, तेव्हा भुकटीलाही तीच, असे त्याने गवंड्याच्या सवयीने धरून टाकले होते.

नारोपंत म्हणाले, "तू 'स्वानुभव' लिहिला असतास, तर मी विश्वास ठेवून सनद दिली असती. चूक कळली असती ती पूल खचल्यावर. या बाईंचं नाव होतं, म्हणून मला विचारायला कुणीतरी मिळालं."

त्यांनी सिदोजीला महिनाभर भट्टीवर कामाला ठेवले. दोन्ही तऱ्हांच्या भुकटीचे गोळे करून पाण्यात टाकायला लावले. खणखणीत विटेचा गोळा विरघळला. कोवळ्या विटेचा दगडासारखा झाला. मग सातवे उत्तर पुन्हा लिहून घेतले आणि राजाला सांगून तो शून्याचा नियमही काढून टाकला.

सनद द्यायला नारोपंत स्वतः भट्टीवर आले. सिदोजीने ती घेऊन तान्हूबाईच्या पायाशी ठेवली. "मावशी, तुम्ही नसता तर..." एवढेच तो म्हणाला.

"ते राहू दे," तान्हूबाई म्हणाली. "माझं नाव कुठं लिहिलंयस ते दाखव आधी."

नारोपंतांनी सोबत आणलेली उत्तरपत्रिका पुढे केली. सिदोजीने नावाखाली बोट ठेवले. तान्हूबाईने पदराला हात पुसले आणि ती बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिली.

"एवढंसंच असतं होय?" ती म्हणाली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

तात्पर्य: ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे नाव उघडपणे घ्यावे. त्याने त्यांचे ऋण थोडेतरी फिटते, आणि आपले काही चुकले असेल तर ते सुधारणाराही सापडतो.